हायड्रोजनचं पाणी आणि जुनाट दुखणं : संशोधन खरंच काही सांगतंय का?

शमा_क
नमस्कार मंडळी. आईला नागीण होऊन गेली त्याला वर्ष उलटलं, फोड कधीच वाळले पण बरगडीच्या कडेची आग काही जात नाही. पातळ चादर टेकली तरी कळवळते, रात्री उशी अशी लावून झोपते की कपडा त्या जागेपासून सुटा राहील. डॉक्टरांनी नसांच्या दुखण्यावरचं प्रिगॅबलिन दिलंय, त्याने उतार आहे पण दिवसभर गुंगी असते. आता मामाने हायड्रोजन वॉटरचं मशीन घ्यायचं मनावर घेतलंय, विकणाऱ्याने सांगितलंय की जपानात यावर भरपूर संशोधन झालंय आणि "नसांच्या दुखण्यावर तर रामबाण".
मला मशीनची जाहिरात नकोय आणि "सगळं थोतांड आहे" असं एका वाक्यात उडवून लावणंही नकोय. दुखण्यावर, म्हणजे महिनोन् महिने चालणाऱ्या दुखण्यावर, हायड्रोजनचा नीट अभ्यास झालाय का? माणसांवर झालाय का? कोणी वाचलं असेल, वापरलं असेल तर कृपया लिहा.

बिनधास्त_बंडू
शाळेत शिकलो त्याप्रमाणे पाण्यात दोन हायड्रोजन आधीपासून आहेतच की, आणखी कशाला भरायचे? :)

अणुरेणू
बंडू, पाण्यातले ते दोन हायड्रोजन ऑक्सिजनला घट्ट बांधलेले असतात, ते सुटे होऊन काही करत नाहीत. इथे विषय आहे पाण्यात विरघळलेल्या हायड्रोजन वायूचा, सोड्यात कार्बन डायऑक्साइड असतो तसा. फक्त हा वायू पाण्यात फार कमी विरघळतो. नेहमीच्या दाबाला आणि तापमानाला एक लिटर पाण्यात जेमतेम १.६ मिलिग्रॅम, वायूच्या मापात धरलं तर वीसेक मिलिलिटर. चव नाही, वास नाही, रंग नाही. आणि तो टिकतही नाही, उघड्या भांड्यात ठेवलं की निघून जातो, साध्या प्लास्टिकच्या बाटलीतून तर बंद झाकणातही हळूहळू पसार होतो, म्हणून तयार पाणी विकणारे ॲल्युमिनियमच्या पाकिटात भरतात.
शमाताई, आणखी एक, अल्कलाइन पाणी वेगळं आणि हायड्रोजनचं पाणी वेगळं. विकणारे दोन्ही एकत्र घुसळतात. हायड्रोजन विरघळल्याने पाण्याचा पीएच बदलत नाही.

वसुधा७
वाचतेय. माझ्याही खांद्याचा प्रश्न आहे.

चिकित्सक
संशोधनाचा इतिहास थोडक्यात सांगतो कारण मला हा विषय खरोखर आवडतो. १९७५ मध्ये 'सायन्स'मध्ये एक निबंध आला होता, उंदरांच्या त्वचेच्या कर्करोगावर, त्यांना आठ वातावरणांच्या दाबाखाली ९७.५ टक्के हायड्रोजन आणि २.५ टक्के ऑक्सिजन अशा हवेत ठेवलं होतं. गाठी आक्रसल्या, पण ते तिथेच थांबलं, एवढ्या दाबाचा उपचार करणार कोण. मग २००७ मध्ये जपानच्या निप्पॉन मेडिकल स्कूलमधल्या शिगेओ ओहता यांच्या गटाने 'नेचर मेडिसिन'मध्ये दाखवलं की उंदरांच्या मेंदूचा रक्तपुरवठा तोडून परत सुरू करताना २ ते ४ टक्के हायड्रोजन हुंगवला तर मेंदूचं नुकसान कमी होतं. त्यांचं म्हणणं असं की हायड्रोजन सगळ्या ऑक्सिडंटना, म्हणजे पेशींना इजा करू शकणाऱ्या तापट रेणूंना, हात लावत नाही, फक्त सगळ्यात घातक असलेल्या हायड्रॉक्सिल रॅडिकलला निकामी करतो आणि शरीराला कामाचे असलेले बाकीचे तसेच राहू देतो. त्या एका निबंधानंतर हे सगळं पेव फुटलं. संधिवात, पार्किन्सन्स, मधुमेह, रेडिएशनचा थकवा, काही सोडलं नाही.
दुखण्याशी संबंध असा की नस दुखावली की मज्जारज्जूमध्ये ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो, मायक्रोग्लिया नावाच्या पेशी चेकाळतात आणि दुखण्याचा संदेश मोठा होऊन मेंदूकडे जात राहतो. तिथे हायड्रोजन पोचला तर आवाज खाली येईल अशी आशा आहे. आशा पटण्यासारखी आहे, एवढंच म्हणतो.

मंदार_लेखणी
प्रत्येक आजारावर चालणारं औषध दिसलं की मी पहिलं पाकीट सांभाळतो.

कातरवेळ
मंदार, पण असं सरसकट म्हणून कसं चालेल. मला र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, त्यावरचं मेथोट्रेक्सेट हे औषध चालू आहे आणि चालूच राहणार. सोबत गेले बरेच महिने हायड्रोजनचं पाणी पितेय. सकाळी बोटं आखडलेली असायची, ब्रशवरची पकड यायची नाही, नळ फिरवायला मनगटाने ढकलायला लागायचं. आता तो वेळ नक्की कमी झालाय. माझं दुखणं मला कळतं, ते कोणी मला समजावून सांगायला नको. आणि र्‍हुमॅटॉइडवर माणसांवरचा अभ्यास झालेला आहे.

स्टेथो
कातरवेळ, तुम्हाला बरं वाटतंय याचा मनापासून आनंद आहे आणि मेथोट्रेक्सेट बंद केलं नाहीत हे सगळ्यात चांगलं. तुम्ही म्हणताय तो अभ्यास बहुधा २०१२ चा, जपानमधला. २० रुग्ण, रोज ५३० मिलिलिटर जास्त तीव्रतेचं पाणी, चार आठवडे पिणं, चार आठवडे बंद, परत चार आठवडे पिणं. पहिल्या चार आठवड्यांत डीएएस२८ हा आजाराच्या तीव्रतेचा आकडा सरासरी ३.८३ वरून ३.०२ वर आला. आकडा छोटा नाही. पण त्यात तुलनेसाठी साधं पाणी पिणारा गटच नव्हता आणि काय पितोय हे प्रत्येकाला माहीत होतं. डीएएस२८ मध्ये रुग्णाने स्वतः दिलेले गुणही धरतात आणि दुखरे सांधे मोजताना रुग्णाच्या "आई गं"वरच विसंबायचं असतं, त्यामुळे अपेक्षेचा परिणाम तिथे सहज शिरतो.
जुनाट दुखण्यात हे दुप्पट लागू होतं. दुखणं वरखाली होत राहतं, माणूस नवा उपाय शोधतो तो दुखणं टोकाला पोचल्यावर, आणि टोकावरून ते बऱ्याचदा आपसूक थोडं खाली येतंच. त्या उताराचं श्रेय मग त्या आठवड्यात जे काही सुरू केलं असेल त्याला जातं. हे डॉक्टरांच्या औषधांनाही लागू आहे बरं का, म्हणून तर औषधांनाही प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीशी, टक्कर द्यायला लावतात.

कातरवेळ
म्हणजे शेवटी "मनाचे खेळ" असंच म्हणायचंय ना तुम्हाला? सभ्य भाषेत?

स्टेथो
नाही हो ताई. प्लासिबोने दुखणं कमी होतं तेव्हा ते खरोखर कमी होतं, मेंदू स्वतःची वेदनाशामकं सोडतो. तुमचा अनुभव खोटा असं मी म्हणतच नाहीये. शमाताईंच्या आईला तोच अनुभव येईल का, हे मला तुमच्या अनुभवावरून सांगता येत नाही, एवढंच.

निवृत्त_मास्तर
चर्चा चांगली चालली आहे, असेच एकमेकांना सांभाळून लिहा. माझा प्रश्न साधा आहे. तुलनेचा गट असलेला, दुखण्यावरचा माणसांवरचा अभ्यास आहे की नाही?

चिकित्सक
आहे मास्तर, आणि तो लोक सांगत नाहीत. २०१३ मध्ये जपानमध्येच इंटरस्टिशियल सिस्टायटिसवर झाला. त्यात मूत्राशय सतत दुखतो, जंतुसंसर्ग नसताना, फार चिवट दुखणं असतं. ३० रुग्ण, आठ आठवडे, दुहेरी अंध, म्हणजे कोणाला खरं पाणी आणि कोणाला साधं हे रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही. निकाल, दोन गटांत लक्षणीय फरक नाही. थोड्या रुग्णांना खूपच आराम पडला असं लेखकांनी नोंदवलंय, पण एवढ्या छोट्या अभ्यासात तेवढ्यावर इमले बांधता येत नाहीत.

अणुरेणू
हायड्रोजनची एक गोष्ट संशोधकांच्या पथ्यावर पडणारी आहे. चव-वास नसल्याने अंध चाचणी करणं सोपं. ॲक्युपंक्चर किंवा मालिशमध्ये रुग्णाला फसवणं किती अवघड असतं बघा. त्यामुळे "अंध चाचणी करता आली नाही" ही सबब इथे चालायला नको.
आता रसायनशास्त्राच्या बाजूने माझी मोठी शंका. हायड्रॉक्सिल रॅडिकल इतका तापट आहे की जन्माला आल्याबरोबर, सेकंदाच्या अब्जाव्या भागात, शेजारी जे सापडेल त्याला धरतो. गच्च भरलेल्या गाडीत चढलेल्या माणसाचा धक्का शेजारच्यालाच लागणार, लांब टोकाला उभ्या असलेल्या एकट्याला नाही. पेशीत प्रथिनं, चरबी, साखरा खच्चून भरलेल्या असतात आणि हायड्रोजन असतो नखाएवढा. शिवाय या रॅडिकलचा हायड्रोजनशी संयोग होण्याचा वेग बाकीच्या रेणूंपेक्षा कित्येक पटींनी कमी आहे. मग हायड्रोजन त्याला थेट गाठतो हे मला कागदावर मांडून पटत नाही. परिणाम खरा असेल तर तो दुसऱ्या वाटेने असला पाहिजे, पेशींचं स्वतःचं संरक्षण जागं करून वगैरे. एनआरएफ२ नावाच्या प्रथिनाचं नाव त्या संदर्भात बरेचदा येतं.

चिकित्सक
बरोबर, म्हणून हल्ली खुद्द या क्षेत्रातले लोकही थेट मारामारीच्या सिद्धांताऐवजी इतर वाटा तपासतायत. पण वाट माहीत नाही म्हणून परिणाम नाही असं होत नाही. ॲस्पिरिन लोक कितीतरी दशकं खात होते, ते काम कसं करतं हे १९७१ मध्ये कळलं.

मंदार_लेखणी
ॲस्पिरिन काम करतं हे आधी दिसत होतं, मग कारण शोधलं. इथे कारण आधी छापून आलंय आणि काम अजून दिसायचंय.

अणुरेणू
+१

बिनधास्त_बंडू
एक खरा प्रश्न. आपल्या आतड्यात गॅस होतो त्यातही हायड्रोजन असतो असं वाचलंय. मग घरोघरी फुकट मशीन चालू आहे म्हणायचं!

स्टेथो
बंडू, हसण्यावारी नेऊ नका, प्रश्न अगदी मोक्याचा आहे. आपल्याला न पचलेल्या साखरा मोठ्या आतड्यातले जीवाणू आंबवतात तेव्हा हायड्रोजन तयार होतो, रक्तात जातो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. दूध पचत नाही का हे बघायला आम्ही हायड्रोजनची श्वासचाचणी करतो ती यावरच. ग्लासभर पाण्यातून मिळतो त्याहून कितीतरी जास्त हायड्रोजन आतडं दिवसभरात बनवू शकतं. मग वरून थोडा टाकून काय होणार, हा आक्षेप रास्तच आहे.

चिकित्सक
यावर २०१२ चा एक मजेदार प्रयोग आहे, उंदरांच्या पार्किन्सन्सवर. हायड्रोजनचं पाणी उपयोगी पडलं, थांबून थांबून दिलेल्या वायूचाही उपयोग दिसला, पण आतड्यात हायड्रोजन वाढवणारं लॅक्ट्युलोज उपयोगी पडलं नाही आणि सतत दिलेला वायूही नाही. म्हणजे एकूण किती पोचला यापेक्षा मधूनमधून पातळी वर उसळण्याने काहीतरी होत असावं. पाणी प्यायल्यावर श्वासातला हायड्रोजन काही मिनिटांत वाढतो आणि साधारण तासाभरात मूळ जागी येतो, ते या कल्पनेशी जुळतं.
पण पुढचं पण ऐका. त्याच जपानात पार्किन्सन्सच्या थोड्या रुग्णांवर पाण्याचा प्रयोग झाला, २०१३ मध्ये निकाल आशादायक आला. म्हणून मोठी चाचणी घेतली, १७८ रुग्ण, रोज एक लिटर, ७२ आठवडे. २०१८ मध्ये निकाल छापला, साध्या पाण्यात आणि हायड्रोजनच्या पाण्यात फरक नाही. जी चाचणी आपल्या बाजूने लागणार नाही ती घ्यायला आणि छापायला हिंमत लागते, त्या डॉक्टरांबद्दल मला आदर आहे. माहितीपत्रकात २०१३ चा निकाल असतो, २०१८ चा नसतो.

वसुधा७
बाप रे, हे मला अजिबात माहीत नव्हतं. मला तर २०१३ चंच फॉरवर्ड आलं होतं!

गुडघे_आणि_गप्पा
मी मशीन वापरलंय. विकायला आलेला माणूस पाण्यात एक मीटर बुडवून आकडा उणे गेला की "बघा" म्हणायचा. माझ्या भाच्याने मेथिलीन ब्लूचे थेंब आणले, निळा थेंब पाण्यात टाकायचा, हायड्रोजन असेल तर निळा रंग विरतो, रंग विरायचा थांबेपर्यंत टाकत जायचं आणि विरलेले थेंब मोजायचे. आमच्या मशीनच्या पाण्यात पहिलाच थेंब निळाच्या निळा राहिला. मशीन नवं होतं तेव्हा काय स्थिती होती देव जाणे. परत करायला गेलो तर दुरुस्तीवाले फोन उचलेनात.

अणुरेणू
तो मीटर ओआरपीचा, म्हणजे पाण्याचा ऑक्सिडेशन-रिडक्शनकडचा कल मोजणारा, असणार. पीएच बदलला तरी त्याचा आकडा हलतो, त्यावरून हायड्रोजन किती हे सांगता येत नाही. थेंबांची चाचणी त्यापेक्षा बरी. आणि हलक्या प्रतीच्या मशीनमध्ये वीज सोडून पाणी फोडताना धन बाजूला तयार होणारे क्लोरीन आणि ओझोन नीट वेगळे निघत नाहीत, पाण्याला जलतरण तलावासारखा वास आला तर पिऊ नका.

मनमोकळी
मी थोडं वेगळं लिहिते. मला पाठीच्या मणक्याचं जुनं दुखणं आहे, पायात कळ जाते. मॅग्नेशियमच्या गोळ्या टाकून हायड्रोजन करतात ना, त्या आणल्या. बहिणीला सांगितलं की दोन सारख्या बाटल्या करायच्या, एकीत ताजं बनवलेलं पाणी, दुसरीत तशाच गोळीचं पण रात्रभर उघडं ठेवलेलं, म्हणजे मॅग्नेशियम दोन्हीकडे सारखं आणि वायू एकीतच. कोणती कुठल्या आठवड्यात हे तिच्या वहीत, मला सांगायचं नाही. मी रोज झोपताना शून्य ते दहामध्ये दुखण्याचा आकडा लिहायचे. वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा दोन्हीत काही फरक नव्हता. पण एक गोष्ट डोळ्यांत भरली, झोप तुटलेल्या रात्रीनंतरचा आकडा जवळजवळ दर वेळी वर होता. मी पाणी सोडून दिलं आणि झोपेच्या मागे लागले, रोज चालायला लागले. दुखणं गेलं नाही, पण आता दिवस माझ्या हातात असतो.

निवृत्त_मास्तर
वा! याला म्हणतात प्रयोग. बहिणीलाही शाबासकी सांगा.

कातरवेळ
मनमोकळी, हे आवडलं. माझ्या नवऱ्याला बाटल्या करायला सांगून मीही असं करून बघणार आहे. उत्तर काहीही आलं तरी इथे लिहीन.

स्टेथो
सुंदर. फक्त मॅग्नेशियमच्या गोळ्यांबद्दल सावध करतो, मूत्रपिंड कमजोर असेल तर त्या विचारल्याशिवाय नकोत, मॅग्नेशियम साचतं. आणि हुंगायच्या यंत्रांबद्दल, हवेत ४ टक्क्यांच्या वर हायड्रोजन गेला की ठिणगीने पेटतो. बंद खोलीत, देवाच्या दिव्याजवळ किंवा घरात कोणी विडी-सिगरेट ओढत असेल तर हा खेळ नको. पाणी पिण्यात तो धोका नाही. वायू म्हणून विषारीही नाही, कोमेक्स या फ्रेंच कंपनीच्या प्रयोगात १९९२ मध्ये पाणबुड्याने हायड्रोजन मिसळलेली हवा घेत ७०१ मीटर खोलीचा दाब सोसला होता. पण निरुपद्रवी असणं वेगळं आणि दुखण्यावर उपयोगी असणं वेगळं.

शमा_क
सगळ्यांचे खूप आभार, मामालाही हा धागा वाचायला दिलाय. पण माझा मूळ प्रश्न थोडा राहिलाच. नसेच्या दुखण्यावर, म्हणजे आईसारख्या, काही आहे का? विकणाऱ्याने जे "नसांवर संशोधन" म्हटलं ते नेमकं कुठलं?

चिकित्सक
शमाताई, ते बहुतेक २०१४ चं, 'प्लॉस वन'मध्ये आलेलं, जपानमधलंच, उंदरांवरचं. मांडीच्या मोठ्या नसेला अर्धवट गाठ मारतात, मग पंजा हळवा होतो. अशा प्रयोगांत उंदीर जाळीवर ठेवून खालून नायलॉनचे बारीक तंतू पंजाला टेकवतात, आधी मऊ मग जाड, आणि कितव्या तंतूला पंजा झटकतो ते बघतात. निरोगी उंदीर ज्या स्पर्शाला दादही देत नाही त्याला हा झटकतो. तुमच्या आईची चादर म्हणजे हेच, याला ॲलोडिनिया म्हणतात. दुसरी मोजणी उष्णतेची, नेहमीपेक्षा लवकर पंजा उचलतो का.
हायड्रोजनचं पाणी सुरुवातीपासून दिलं तेव्हा दोन्ही त्रास कमी झाले. गाठ मारल्यापासून पहिले चारच दिवस दिलं तरी कमी झाले. पण चौथ्या दिवसानंतर, दुखणं रुळल्यावर, सुरू केलं तेव्हा उष्णतेचा त्रास कमी झाला आणि स्पर्शाचा झाला नाही. म्हणजे विकणाऱ्याच्याच निबंधाप्रमाणे आईच्या बाबतीत जे दुखतंय, स्पर्श, आणि ज्या टप्प्यावर दुखतंय, वर्षानंतर, तिथेच ते पाणी कमी पडलं. उंदरांतलं माणसात जसंच्या तसं येत नाही हे तर आहेच, पण आलं असं धरलं तरी उत्तर आपल्या बाजूचं नाही.

अणुरेणू
हे फार नेमकं सांगितलंत. शीर्षकात दुखणं कमी होतं एवढंच दिसतं, कधी दिलं हे आत वाचल्याशिवाय कळत नाही.

मंदार_लेखणी
मग संशोधकांनी खरं तर नागीण झाल्या झाल्या पाणी देऊन बघायला हवं, नाही का? दुखणं मुरायच्या आधी.

चिकित्सक
मंदार, अगदी हेच! मला विचाराल तर पैसा तिथे लागला पाहिजे. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किंवा नागिणीच्या पहिल्या आठवड्यात, दोन गट, अंध चाचणी, तीन महिन्यांनी दुखणं उरलं का एवढं विचारायचं. पाणी सुरक्षित आहे, चाचणी सोपी आहे. उलट सगळे वर्षानुवर्षं मुरलेल्या दुखण्याला मशीन विकत बसलेत.

स्टेथो
सहमत. तोवर नागिणीसाठी हातात असलेल्या गोष्टी सांगतो. विषाणूविरोधी औषध फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू करावं, आणि ५० च्या पुढच्यांसाठी नागिणीची लस आहे, धाग्यावरच्या सगळ्यांनी आपापल्या डॉक्टरांना विचारा.
शमाताई, आईच्या गुंगीबद्दल. प्रिगॅबलिन स्वतःहून एकदम बंद करू नका. पण डॉक्टरांना गुंगीचं स्पष्ट सांगा, डोस विभागता येतो, रात्रीचा वाढवून दिवसाचा कमी करता येतो, किंवा दुसरं औषध बघता येतं, ड्युलोक्सेटिन, कमी मात्रेत अमिट्रिप्टिलिन, वयाप्रमाणे ते ठरवतील. आणि दुखणं एका ठरावीक पट्ट्यातच आहे तर लिडोकेनच्या, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या औषधाच्या, पट्टीबद्दल आवर्जून विचारा.

शमा_क
पट्टीचं आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं! पण जिथे कपडा टेकत नाही तिथे पट्टी कशी चिकटवायची? आणि तिनेही गुंगी येते का?

स्टेथो
औषध बहुतांशी त्या जागेपुरतंच राहतं, त्यामुळे गुंगी सहसा नाही. पहिल्यांदा लावताना चटका बसेल, हात न चोळता एकदाच टेकवून सोडायचा. लावल्यावर पट्टीच मध्ये आडोसा होते, काहींना तेवढ्यानेच कपडा सहन व्हायला लागतो. त्वचा अखंड हवी, फोड किंवा जखम असेल तिथे नाही. २४ तासांत जास्तीत जास्त १२ तास ठेवायची, मग काढायची. हृदयाच्या ठोक्यांची काही औषधं चालू असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

शमा_क
ठोक्यांचं काही नाही, फक्त रक्तदाबाची गोळी आहे, ती चिठ्ठी सोबत नेते. गुरुवारची वेळ घेतली आहे. मामा म्हणतोय मशीन सध्या राहू दे.